सिम्पसन वाळवंट चार-पाच गाड्यांनी ओलांडताना : पूर्वतयारीपासून बर्ड्सव्हिलपर्यंत

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, दक्षिण ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी या तिघांच्या सीमा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे सुमारे १,७६,००० चौरस किलोमीटरचे सिम्पसन वाळवंट पसरलेले आहे. वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेल्या, एकमेकींना समांतर अशा अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या त्यात आहेत, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या प्रवाशाला त्या एकामागून एक, जवळजवळ काटकोनात ओलांडाव्या लागतात. वाटेत गाव नाही, पेट्रोल पंप नाही, मोबाइलचे सिग्नल नाहीत. मेलबर्न, सिडनी आणि ॲडलेडमधील अनेक मराठी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या घेतल्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच जणांच्या मनात ही सहल असते. त्यांच्यासाठी आणि भारतातून खास या प्रवासासाठी येणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. एकापेक्षा अधिक गाड्या असल्या म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. कोण कोणासाठी थांबणार, पाणी किती, वाळूत टायरमध्ये हवा किती ठेवायची, परत फिरण्याचा निर्णय कोणाचा, हे निघण्यापूर्वी ठरले नसेल, तर पाच गाड्या म्हणजे एकाच रस्त्यावर असलेल्या पाच एकट्या गाड्याच असतात. वाळवंटातील बहुतेक अडचणींचे मूळ घरी न झालेल्या बोलण्यात असते, आणि म्हणून या लेखाचा मोठा भाग घरच्या तयारीविषयी आहे.

हंगाम आणि माणसे

वाळवंटातील उद्यान दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात पूर्णपणे बंद असते, कारण उन्हाळ्यात तिथले तापमान ४५ अंशांच्याही वर जाते. मे अखेर ते ऑगस्ट हा काळ उत्तम. त्या दिवसांत दुपारी वीस-बावीस अंश आणि पहाटे शून्याच्या आसपास तापमान असते. पहाटेच्या या थंडीची कल्पना नसल्यामुळे पातळ झोपण्याच्या पिशव्या घेऊन आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. शून्याखालचे तापमान सोसणारी पिशवी आणि अंगाखाली जाड गादी यांवर केलेला खर्च कधीही वाया जात नाही.

ताफ्यात चार किंवा पाच गाड्या असाव्यात. तीनपेक्षा कमी असतील, तर रुतलेल्या गाडीला ओढताना हाताशी पुरेशी माणसे नसतात. सहापेक्षा अधिक झाल्या, तर प्रत्येक टेकडीवर वाट पाहण्यातच दिवस जातो. सर्व गाड्यांना लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची जोड, असलीच पाहिजे. शहरी ‘ऑल-व्हील-ड्राइव्ह’ गाड्यांची जमिनीपासूनची उंची आणि गिअरची व्यवस्था या वाटेसाठी पुरेशी नसते. भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी करार शब्दन् शब्द वाचावा, कारण बहुतेक करारांत अशा वाटांवर नेण्यास मनाई असते आणि मनाई मोडली की विमा लागू होत नाही. ट्रेलर आणि कॅराव्हॅन घरीच ठेवावेत. वाळूच्या चढावर मागे ट्रेलर असला की तो गाडीचा वेग खातो, आणि माथ्याजवळ गाडी अडकली की सरळ मागे येणेही अशक्य करून ठेवतो.

भारतातून आलेल्या आईवडिलांना बरोबर न्यावे का, हा प्रश्न आपल्या लोकांत नेहमी निघतो. माझे मत असे आहे की, त्यांना वाळवंटाच्या अलीकडच्या मारी ते ऊडनाडाटा या वाटेवर आणि डलहौसीच्या गरम झऱ्यांपर्यंत जरूर न्यावे, कारण तो भाग सुंदर आहे आणि मुक्कामाच्या जागी किमान सोयी आहेत. टेकड्यांच्या पट्ट्यात मात्र दिवसभर पाठीला आणि मानेला जे हिसके बसतात, ते सत्तरीतल्या माणसाला सोसत नाहीत, आणि तिथून रुग्णाला बाहेर काढणे म्हणजे विमानाचेच काम असते. दोन बेत वेगळे करावेत.

निघण्याच्या दोन महिने आधी सर्व चालक आणि त्यांचे जोडीदार यांची एक बैठक घ्यावी. तिथे एक म्होरक्या आणि एक शेवटची गाडी ठरवावी. या दोन्ही गाड्यांचे चालक अनुभवी असावेत, आणि त्यांतही अधिक अनुभवी माणूस शेवटी ठेवावा, कारण रुतलेली, पंक्चर झालेली, मागे राहिलेली प्रत्येक गाडी त्याच्या वाट्याला येते. परत फिरण्याचा अधिकार एका व्यक्तीला द्यावा आणि तिच्या निर्णयावर वाळवंटात चर्चा होणार नाही, हे सर्वांनी मान्य करावे. त्यानंतर एक पूर्ण दिवस जवळच्या समुद्रकिनाऱ्यावरील परवानगी असलेल्या वाळूत सराव करावा. टायरमधील हवा कमी केल्यावर तीच गाडी किती वेगळी चालते, हे प्रत्येकाने आपल्या हातांनी अनुभवणे आवश्यक आहे.

वजनाचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये. गाडीच्या कागदपत्रांत तिचे कमाल वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन दिलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे आपल्याला भरता येणारा भार. समजा, तो ६५० किलो आहे आणि कुटुंबात दोन मोठी माणसे व दोन मुले आहेत. चौघांचे वजन २२० किलो धरले. पाण्याचा हिशेब मोठ्या माणसाला दररोज सात लिटर आणि मुलाला पाच लिटर असा धरावा, त्यात पिणे, स्वयंपाक आणि जेमतेम धुणे येते. वाळवंटातले पाच दिवस अधिक दोन दिवस राखीव, म्हणजे सात दिवसांचे १६८ लिटर, अर्थात १६८ किलो. इंधनाचे दोन कॅन ४० किलो, फ्रिज आणि शिधा ७०, तंबू आणि अंथरूण-पांघरूण ६०, अवजारे आणि गाडी काढण्याचे साहित्य ६०, समोरचा बुलबार, म्हणजे गाडीच्या तोंडाला बसवलेला पोलादी संरक्षक दांडा, ६०. बेरीज ६७८ किलो होते, म्हणजे भार २८ किलोंनी जास्त झाला.

सामूहिक सहलीचा खरा फायदा इथे दिसतो. कॉम्प्रेसर, अवजारांची पेटी, ओढण्याचे दोर, मोठी शेगडी आणि कुकर हे प्रत्येक गाडीत असण्याची गरज नसते. वाटणी केल्यावर वरच्या उदाहरणात अवजारांचे ६० किलो वीसवर आणि शिधा-फ्रिजचे सत्तर किलो पन्नासवर येतात, आणि एकूण भार ६१८ किलो होतो. पाणी, प्रथमोपचार पेटी, फावडे, टायरमधील हवा मोजण्याचे मीटर आणि रेडिओ मात्र प्रत्येक गाडीत स्वतंत्र असलेच पाहिजेत. पाणी एकाच मोठ्या टाकीत न ठेवता दहा-वीस लिटरच्या अनेक कॅनमध्ये ठेवावे, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे राहतात.

छतावर शक्यतो हलके सामानच ठेवावे. आमच्या एका सहलीत एका मित्राने इंधनाचे चार भरलेले कॅन छतावर बांधले होते. ऊडनाडाटाच्या अलीकडे, लहान लहान लाटांसारखा उंचसखल झालेल्या कच्च्या रस्त्यावर, कॅरिअरच्या पायाचा बिजागरासारखा तुकडा तडकला आणि सगळा कॅरिअर एका बाजूला कलला. दिवसभर खडखडत राहणाऱ्या रस्त्यावर लोखंडालाही थकवा येतो. तिथेच दोन तास थांबून सर्व कॅन उतरवावे लागले आणि ते पाच गाड्यांत वाटून घ्यावे लागले.

इंधन, टायर आणि कागदपत्रे

वाळवंटाच्या पश्चिमेकडील माउंट डेअर येथे इंधन भरल्यानंतर पुढचे इंधन थेट पूर्वेकडील बर्ड्सव्हिल या गावात मिळते. अंतर निवडलेल्या वाटेनुसार बदलते. आजूबाजूची ठिकाणे धरून ५५० किलोमीटर गृहीत धरावेत. हमरस्त्यावर शंभर किलोमीटरला अकरा-बारा लिटर घेणारी डिझेल गाडी मऊ वाळूत वीस लिटरपर्यंत घेते. म्हणजे ११० लिटर लागतील, आणि त्यावर पाव भाग राखीव धरला की सुमारे १३८ लिटर होतात. पेट्रोलच्या गाड्या याहून जास्त घेतात. त्यामुळे ताफ्यात शक्यतो एकच इंधन असलेल्या गाड्या असाव्यात, म्हणजे गरज पडल्यास एकमेकांना देता येते. पेट्रोलचे कॅन प्रवासी बसतात त्या भागात कधीही ठेवू नयेत.

टायर नव्यासारखे, जाड कडेचे आणि ‘ऑल-टेरेन’ प्रकारचे असावेत. दोन सुटे टायर असतील तर उत्तम, कारण वाळवंटाआधीचा, जमिनीवर दाट पसरलेल्या ‘गिबर’ नावाच्या दगडांचा पट्टाच टायर फाडतो.

परवान्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीसाठी ‘डेझर्ट पार्क्स पास’ लागतो आणि क्वीन्सलँडच्या हद्दीतील मुक्कामासाठी तिथल्या उद्यान खात्याकडून वेगळे परमिट घ्यावे लागते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बाजूला २०२१ मध्ये ‘मुंगा-थिर्री–सिम्पसन डेझर्ट’ हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. सुमारे ३६ लाख हेक्टरांचे हे ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. ‘मुंगा-थिर्री’ हे वांगकांगुरू लोकांच्या भाषेतले नाव आहे आणि त्याचा अर्थ वाळूच्या मोठ्या टेकड्यांचा प्रदेश असा आहे. हे लोक टेकड्यांच्या मधल्या विहिरींच्या आधाराने या वाळवंटात पिढ्यान् पिढ्या राहत होते. १९३६ मध्ये टेड कोल्सन यांनी उंटांसह हे वाळवंट ओलांडले, तेव्हा त्यांच्याबरोबर पीटर एन्स हे आदिवासी सहकारी होते.

प्रत्येक गाडीवर उंच काठीला लावलेला भगभगीत रंगाचा झेंडा असणे सक्तीचे आहे. बुलबारवर बसवल्यास त्याचे टोक जमिनीपासून किमान साडेतीन मीटर उंच असावे लागते. टेकडीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चढणाऱ्या गाड्या एकमेकींना दिसत नाहीत, आणि माथ्यावर समोरासमोर येण्याआधी दिसते ती फक्त ही काठी.

गाडीतून गाडीत बोलण्याचा यूएचएफ रेडिओ या भागात १० क्रमांकाच्या चॅनेलवर ठेवतात. त्या चॅनेलवर समोरून येणारे अनोळखी ताफेही ऐकत असतात. म्हणून टेकडी चढण्याची सूचना, किती गाड्या आहेत आणि कोणत्या दिशेने येत आहेत, एवढे इंग्रजीतच सांगावे. आपापसात मराठीत रंगलेल्या गप्पांमुळे समोरच्याचा इशारा ऐकू न येण्याचा धोका असतो, त्यामुळे त्या गप्पा मुक्कामासाठी राखून ठेवाव्यात. रेडिओची मजल टेकड्यांमध्ये काही किलोमीटरच असते. मदतीसाठी एक सॅटेलाइट फोन आणि निदान एक पीएलबी, म्हणजे उपग्रहाद्वारे बचाव यंत्रणेला स्थान कळवणारे छोटे यंत्र, जवळ असावे. पीएलबीची नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे विनामूल्य करता येते, आणि त्यात प्रवासाचा मार्ग व गाड्यांचे वर्णन भरून ठेवावे. शहरातल्या एका जबाबदार नातेवाइकाकडे मार्ग, तारखा आणि ‘या दिवसापर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवावे’ ही सूचना लेखी द्यावी.

शिधा

मेलबर्न किंवा सिडनीहून निघणाऱ्यांनी एक नियम आधीच लक्षात घ्यावा. फळमाशीच्या प्रादुर्भावामुळे ताजी फळे, टोमॅटो, मिरच्या इत्यादी दक्षिण ऑस्ट्रेलियात नेण्यास बंदी आहे आणि तपासणी नाक्यांवर दंड होतो. भाजीपाला पोर्ट ऑगस्टा येथे घ्यावा.

आपला स्वयंपाक या प्रवासाला अतिशय सोयीचा आहे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, बेसन, मुगाची डाळ, तांदूळ, पोहे, दाण्याचे कूट, लसणीची चटणी, गोडा मसाला आणि तुपाची बरणी एवढ्यावर एक आठवडा उत्तम निघतो. प्रेशर कुकर मात्र अवश्य घ्यावा, कारण त्यात गॅस आणि पाणी दोन्हींची बचत होते. संध्याकाळी टेकडीच्या आडोशाला शेगडी मांडायची, दोन मोठ्या वाट्या तांदूळ आणि दीड वाटी डाळ धुऊन घ्यायची, आणि त्याच धुतलेल्या पाण्याने रात्रीची पहिली भांडी विसळायची, हा आमच्याकडचा शिरस्ता झाला आहे. तीन शिट्ट्या होईपर्यंत उजेड जातो, आणि झाकण उघडताना वर येणारी वाफ हेडलॅम्पच्या झोतात पांढरी दिसते. ताटे कागदाने आधी पुसून मग थोड्या पाण्याने धुवावीत. पाच कुटुंबांनी स्वयंपाकाच्या पाळ्या लावून घेतल्या, म्हणजे प्रत्येकाला पाचांतून एकदाच सर्वांसाठी रांधावे लागते आणि बाकीच्या संध्याकाळी मोकळ्या मिळतात.

मारी ते डलहौसी

ॲडलेडहून मारी सुमारे ६८५ किलोमीटर आहे. पहिला मुक्काम तिथे करावा. मारी हे एके काळी उंटवाल्यांचे गाव होते. त्यांना ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, पठाण, पंजाबी आणि सिंधी असे अनेक होते. १८६६ मध्ये बेल्टाना येथे आणलेले उंट कराचीहून जहाजाने आले, आणि त्या काळी कराची मुंबई इलाख्यात होती. म्हणजे या रस्त्याचा आपल्याकडच्या प्रदेशाशी दुवा फार जुना आहे.

मारीपासून ऊडनाडाटा ट्रॅक सुरू होतो. हा रस्ता जुन्या ‘घान’ रेल्वेच्या मार्गाला धरून जातो. रेल्वे आणि तिच्याआधीची तार हीच वाट का निवडून गेली, हे वाटेतील झरे पाहिले की समजते. भूगर्भातील पाणी इथे जागोजाग आपोआप वर येते. काउअर्ड स्प्रिंग्ज येथे मुक्काम करून शेजारील बबलर आणि ब्लँच कप हे उंचवट्यावरचे झरे अवश्य पाहावेत. विल्यम क्रीकच्या अलीकडे काटी थांडा–लेक आयर या, समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ मीटर खोल असलेल्या, सरोवराचे दर्शन होते.

या कच्च्या रस्त्यावर टायरमधील हवा हमरस्त्यावरील ३८ वरून २६ ते २८ पीएसआयवर आणावी आणि वेग ताशी सत्तर-ऐंशीच्या आत ठेवावा. धुळीमुळे पुढची गाडी दिसत नाही, म्हणून दोन गाड्यांत काहीशे मीटरचे अंतर असावे. इतके अंतर ठेवले की कोणी मागे राहिल्याचे कळत नाही, आणि त्यासाठी एक नियम सर्वांनी पाठ करावा : प्रत्येक चालक आपल्या मागच्या गाडीसाठी जबाबदार असतो. वळण आले, फाटा आला, की मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचे. आमच्या पहिल्या सहलीत तिसऱ्या गाडीने रेल्वेच्या जुन्या पुलाचा फोटो काढण्यासाठी न सांगता थांबा घेतला. चौथी आणि पाचवी तिच्यामागे थांबल्या, आणि पुढच्या दोघांना ते सहा किलोमीटरनंतर कळले. फाटा मध्येच असता, तर ताफ्याचे दोन तुकडे दोन दिशांना गेले असते. त्या दिवसापासून ‘थांबतो आहे’ हे शब्द रेडिओवर उच्चारल्याशिवाय कोणी ब्रेकवर पाय ठेवत नाही.

रात्री गाडी चालवू नये. संध्याकाळी कांगारू आणि गुरे रस्त्यावर येतात. दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचण्याचा बेत ठेवावा. पाऊस झाला असेल आणि रस्ता बंद असल्याची पाटी दिसली, तर पुढे जाऊ नये, मोठा दंड होतो आणि ओल्या रस्त्यावर पडलेल्या चाकोऱ्या महिनोन्महिने राहतात.

ऊडनाडाटाहून माउंट डेअर गाठून टाक्या आणि कॅन पूर्ण भरावेत, आणि तिथून सुमारे ७० किलोमीटरवरील डलहौसी येथे दोन रात्री राहावे. विटजिरा राष्ट्रीय उद्यानातील हा मुख्य झरा ३४ ते ३८ अंशांचा असतो. थंड सकाळी त्यातून वाफ उठते. उतरताना अंगाला तेल, साबण किंवा उन्हाचे मलम नसावे, कारण या पाण्यात असे मासे राहतात, जे जगात इतरत्र कुठेही सापडत नाहीत. डिंगो, म्हणजे इथले रानटी कुत्रे, पादत्राणे पळवतात, त्यामुळे बूट रात्री गाडीत ठेवावेत. दुसरा दिवस पूर्णपणे गाड्यांसाठी द्यावा : चाकांचे नट, बॅटरीच्या पकडी, कॅरिअरचे बोल्ट, शॉकॲब्सॉर्बरची गळती, पाण्याचे कॅन. ज्या गाडीत शंका वाटते, ती तिथूनच परत फिरवावी. एक गाडी परत गेल्याने सहल मोडत नाही, पण नादुरुस्त गाडी पुढे नेली तर चार कुटुंबांचे दिवस जातात.

वाळूत

पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणे सोपे आहे, कारण टेकड्यांचा पश्चिमेकडील चढ सौम्य आणि पूर्वेकडील उतार तीव्र असतो. डलहौसीपासून साधारण ७० किलोमीटरवर पर्नी बोअर लागते. १९६३ मध्ये तेलाच्या शोधासाठी खणलेल्या या विहिरीतून गरम पाणी येते, आणि पक्षी पाहणाऱ्यांना तिथे एक सकाळ सहज घालवता येते. त्याच वर्षी एका फ्रेंच तेल कंपनीने केलेली ‘फ्रेंच लाइन’ ही सर्वांत सरळ वाट पुढे सुरू होते. तिच्या एक वर्ष आधी, १९६२ मध्ये, भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांनी आपल्या कुटुंबासह प्रथमच मोटारीने हे वाळवंट ओलांडले होते.

पर्नी बोअरपाशी सर्व गाड्यांत एकसारखी हवा करावी. १८ पीएसआयपासून सुरुवात करावी. चढ जमत नसेल तर १६, मग १५. जास्त वेगाने धडक देण्यापेक्षा दोन पीएसआय कमी करणे हा नेहमीच चांगला उपाय असतो. हवा कमी झाली की टायरचा जमिनीवर टेकणारा भाग लांब होतो, वजन पसरते आणि चाक वाळूत खणत नाही. बाराच्या खाली गेल्यास टायर रिममधून निसटण्याची भीती असते. कमी हवेवर वेग ताशी चाळीसच्या आत ठेवावा आणि स्टिअरिंग झटकन वळवू नये.

टेकडी चढण्याचा क्रम असा. पायथ्याशी थांबावे. रेडिओवर सूचना द्यावी आणि क्षणभर ऐकावे. लो रेंजमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर टाकून एकसारख्या गतीने चढावे. चढावर गिअर बदलू नये. माथा जवळ आला की पाय हलका करावा, कारण पलीकडची वाट बहुधा लगेच वळते आणि बॉनेटच्या पुढे काही क्षण फक्त आकाश दिसते. खाली उतरून म्होरक्याने माथा मोकळा असल्याचे सांगेपर्यंत दुसऱ्या गाडीने पायथा सोडू नये. एका टेकडीवर एका वेळी एकच गाडी असावी.

गाडी मध्येच थांबली, तर चाके फिरवत राहू नये. त्यामुळे गाडी रुतते आणि चढावर खड्ड्यांची रांग तयार होते, जी मागून येणाऱ्या प्रत्येकाला भोवते. रिव्हर्स गिअर टाकून, आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यावे. गाडी वळवण्याचा प्रयत्न चढावर कधीही करू नये, आडवी झालेली गाडी उलटते. पहिल्या दिवशी प्रत्येकाला दोन-तीन टेकड्यांवर परत यावे लागते. चौथ्या टेकडीपर्यंत हात बसतो.

दर दीड-दोन तासांनी थांबून गाडीखाली वाकून पाहावे. स्पिनिफेक्स नावाच्या टोकदार, राळयुक्त गवताच्या काड्या एक्झॉस्टजवळ साचतात आणि तापल्यावर पेट घेतात. अशा आगीत गाड्या पूर्ण जळालेल्या आहेत. वाकड्या तारेच्या आकड्याने त्या काढाव्यात, आणि रेडिएटरपुढे बारीक जाळी बांधावी. आग विझवण्याचे नळकांडे चालकाच्या हाताशी असावे, सामानाच्या तळाशी नव्हे.

रुतलेली गाडी काढताना

प्रथम सर्वांनी खाली उतरून पाहावे. फावड्याने चाकांसमोरची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू काढावी. नंतर हवा आणखी कमी करावी. त्यानंतर चाकांखाली ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या फळ्या, घालाव्यात. या तिन्ही गोष्टींनी दहांपैकी नऊ वेळा गाडी निघते. ओढण्याचा लवचीक दोर हा शेवटचा उपाय समजावा. तो गाडीच्या चासीला बसवलेल्या, भार सोसण्याचे प्रमाण लिहिलेल्या हुकालाच जोडावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नये, कारण तो तुटून गोळीसारखा उडतो आणि त्यामुळे माणसे दगावलेली आहेत. दोराच्या मध्यावर ओलसर गोणपाट किंवा जाड कापड टाकावे, चालकांखेरीज सर्वांनी दोराच्या लांबीच्या दीडपट तरी बाजूला उभे राहावे, मुलांना गाडीत नव्हे तर दूर टेकडीच्या कडेला एका मोठ्या माणसाबरोबर बसवावे. इशारे देणारी व्यक्ती एकच असावी.

गाडी पूर्णपणे बिघडली तर तिच्यापाशीच थांबावे, हे मुलांनाही सांगून ठेवावे. १९६३च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर इंधन संपल्यावर गाडी सोडून निघालेल्या पाच जणांच्या कुटुंबाचा तहानेने अंत झाला. आकाशातून माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

मुक्काम

टेकड्यांमधील सपाट पट्ट्यात, वाटेपासून थोडे बाजूला, पूर्वी वापरलेल्या जागीच तंबू ठोकावेत. गाड्या वाऱ्याच्या दिशेला ओळीने उभ्या केल्या की चांगला आडोसा होतो. उद्यानात सरपण गोळा करण्यास मनाई आहे, त्यामुळे शेगडी गॅसचीच ठेवावी. कचरा, अगदी चहाची पावडरही, पिशवीत भरून बर्ड्सव्हिलला न्यावा. शौचासाठी निदान तीस सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि कागद परत आणावा. मुलांच्या गळ्यात शिट्टी आणि कपाळाला दिवा असावा, आणि गाड्या दिसेनाशा होतील इतके दूर कोणी एकट्याने जाऊ नये. सर्व टेकड्या सारख्या दिसतात. थंडीत साप क्वचितच बाहेर असतात, तरी दाबपट्टी कशी बांधायची हे दोघांना तरी नीट येत असावे. चावलेली जागा धुवायची नाही, पाय किंवा हात वरपर्यंत घट्ट गुंडाळून हलू द्यायचा नाही, आणि रुग्णाला चालवायचे नाही. १९२८ मध्ये सुरू झालेली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस ही विमानाने वैद्यकीय मदत देणारी संस्था या भागात काम करते. बोलावताना जीपीएसवरील स्थान अचूक वाचून दाखवता आले पाहिजे.

पॉपेल कॉर्नर ते बर्ड्सव्हिल

तीन सीमांचा खांब म्हणजे पॉपेल कॉर्नर. १८८० मध्ये ऑगस्टस पॉपेल यांनी मोजणी करून इथे लाकडी खांब रोवला, पण मोजण्याची साखळी एक इंचाने लांब झाल्याचे नंतर लक्षात आले आणि खांब हलवावा लागला. अशी अचूकता राखण्यासाठी त्या लोकांनी या उन्हात काय सोसले असेल, ते तिथे उभे राहिल्यावर जाणवते. शेजारचे मिठाचे सरोवर कोरडे दिसले तरी आखलेली वाट सोडून त्यावर गाडी नेऊ नये. वरचा कडक थर फुटला की खाली चिखल असतो, आणि तिथून गाडी काढणे वाळूपेक्षा कितीतरी अवघड असते.

पुढच्या क्यूएए लाइन या वाटेवर टेकड्यांमधील अंतर वाढते, पण त्यांची उंचीही वाढते. वाटेत आयर क्रीक आहे. उत्तरेकडे पाऊस झाला असल्यास त्यात पाणी असते आणि दूरच्या वळसावाटेने जावे लागते. राखीव दोन दिवसांचे पाणी आणि पाव भाग इंधन खरे तर याचसाठी असते, त्यामुळे पर्नी बोअरला ते ‘उरले आहे’ म्हणून खर्च करू नये. शेवटी सुमारे चाळीस मीटर उंचीची ‘बिग रेड’ ही वाळूची टेकडी येते. तिला वळसा घालणारी सोपी वाट शेजारीच आहे. थकलेल्या चालकाने ती घ्यावी, आणि गाड्या पलीकडे लावून पायी माथ्यावर जाऊन सूर्यास्त पाहावा. आम्ही दोन्ही वेळा तेच केले.

बिग रेडनंतर बर्ड्सव्हिल सुमारे ३५ किलोमीटर आहे. निघण्यापूर्वी टायरमध्ये पुन्हा २८ पीएसआय हवा भरावी. पाच गाड्यांना दोन कॉम्प्रेसरने सुमारे पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ मुलांना वाळूत खेळू द्यावे. गावात पोहोचल्याबरोबर शहरातील त्या नातेवाइकाला फोन करावा, मग इंधन भरावे, गाडीखालचे गवत पुन्हा एकदा झाडून काढावे आणि चाकांचे नट घट्ट करावेत, कारण मारीकडे परत नेणारा बर्ड्सव्हिल ट्रॅक पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे आणि तोही कच्चाच आहे.